गच्च्यांची कुलपं काढा

आपल्या इमारतीची गच्ची शेवटची उघडी कधी पाहिलीत? बहुतेक सोसायट्यांमध्ये जिना संपतो तिथं लोखंडी दार, दाराला कुलूप आणि किल्ली सेक्रेटरींच्या घरी. पाण्याची टाकी धुणारे, डिश अँटेना बसवणारे, गळती शोधणारे आले की तेवढ्यापुरतं ते दार उघडतं. यंदाच्या उन्हाळ्यात ते आणखी एका कामासाठी उघडावं, असं माझं मागणं आहे. सुट्टी लागली की पंधरा दिवस, सकाळी सात ते दहा, घरातल्या लहान मुलांना घेऊन वाळवण घालण्यासाठी, आणि मग ते राखायला आणि संध्याकाळी गोळा करायला.

वाळवण हे आपल्याकडे एकट्या बाईचं काम कधीच नव्हतं. ते चाळीचं, वाड्याचं, आळीचं काम होतं आणि चार-पाच वर्षांच्या पोरालाही त्यात नेमून दिलेली कामगिरी असायची. आज ज्यांची मुलं बालवाडीत किंवा पहिली-दुसरीत आहेत, त्या आई-बापांपैकी पुष्कळांनी लहानपणी काठी घेऊन कावळे हाकलले आहेत, पापडाच्या लाट्या तेलात बुडवून खाल्ल्या आहेत, अर्धवट वाळलेल्या साबुदाण्याच्या पापड्या गुपचूप उचलल्या आहेत. पण कुरडया करायला सांगितल्या तर त्यांचे हात अडतात, कारण ते शिकायच्या वयात आले तेव्हा घरचं वाळवण बंद झालं होतं. ज्यांना येतं त्या आज्या आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांचे हात चालताहेत तोवरच ही विद्या नातवंडांच्या हातात उतरू शकते. म्हणून घाई करायला हवी आहे, आणि म्हणून हे आवाहन.

किती प्रकार आहेत आपल्याकडे! देशावर कुरडया, कोहळ्याचे सांडगे, ताकातल्या मिरच्या. खानदेशात ज्वारीचे बिबडे आणि उडदाचे पापड. विदर्भात मुगवड्या आणि सरगुंडे, मराठवाड्यात खारोड्या. कोकणात आंब्याची साठं, फणसपोळी, पोह्यांचे मिरगुंड आणि पुन्हापुन्हा रसात बुडवून वाळवलेली आमसुलं. गोव्यात पावसाळ्याच्या तोंडावर पुरुमेंताच्या, म्हणजे बेगमीच्या, फेस्ताला सुकी मासळी, सोलां, मिरच्या यांचे ढीग लागतात, तेही याच कुळातलं. ऊन फुकट आहे आणि पुढचे चार महिने ते मिळणार नाही, एवढ्या एका जाणिवेवर हा सगळा पसारा उभा राहिला. ज्या घरात पैसा बेताचा होता, त्या घरानेही आषाढ-श्रावणातल्या जेवणाला कुरकुरीत काहीतरी मिळेल अशी तजवीज चैत्र-वैशाखातच करून ठेवली.

यातली मेहनत मुलांनी जवळून पाहावी अशी आहे. कुरडयांचंच घ्या. गहू तीन दिवस भिजवायचे आणि पाणी रोज बदलायचं. हे काम सहा वर्षांच्या मुलाला खुशाल सोपवा. दुसऱ्या दिवशी पाण्यावर फेस दिसतो, तिसऱ्या दिवशी आंबूस वास सुटतो, भिजलेला दाणा चिमटीत दाबला की आतून पांढरं दूध निघतं. चौथ्या दिवशी गहू वाटून, पिळून, गाळून घेतलेलं पाणी पातेल्यात रात्रभर निवळत ठेवायचं. सकाळी उठल्या उठल्या मुलांना ते पातेलं दाखवा. वर पिवळसर निवळ पाणी आणि तळाशी घट्ट बसलेला शुभ्र चीक. वरचं पाणी अलगद ओतून टाकायचं. मग जेवढा चीक तेवढंच पाणी, त्यात मीठ, हिंग, खळखळून उकळी, आणि एका हाताने चीक ओतत दुसऱ्या हाताने न थांबता ढवळणं. हे मोठ्यांनीच करायचं. मूल शेगडीपासून लांब, पाटावर बसून बघेल. पांढरा चीक हळूहळू पारदर्शक होत जातो, त्यावर चकाकी येते, ढवळणाऱ्याचा दंड भरून येतो. तो शिजल्याची खूण मिनिटांत सांगता येत नाही. चकाकीवरून आणि हाताला लागणाऱ्या जोरावरून ती कळते, आणि म्हणूनच ती शेजारी उभं राहून शिकावी लागते. एक वाफ आली की पहिली वाटी मुलांची, दूध-साखर घालून किंवा नुसतं तेल घालून, ज्या घरची जशी रीत. मग गरम आहे तोवर सोऱ्यात भरून गच्चीवर.

गाळून उरलेला चोथासुद्धा टाकायचा नसतो. त्यात तीळ, तिखट, मीठ घालून त्याच्या वड्या घालतात आणि त्याही तळून खातात. घरात काही वाया जात नाही हे मुलाला भाषण देऊन पटत नाही. कोंड्याची वडी कुरकुर वाजली की आपोआप पटतं.

अगदी लहान बोटांसाठी वळवट आहे. बारीक रव्याचं पीठ भिजवून, झाकून, मुरू द्यायचं आणि मग चिमटीत कणभर घेऊन वळायचं. गव्हाच्या दाण्याएवढे ते गव्हले, नखाने दाबून केलेल्या त्या नखुल्या, फणीवर फिरवून उठवलेल्या रेघांच्या त्या फणुल्या. लग्नघरी रुखवतात हे ताटंच्या ताटं मांडलेलं असायचं आणि त्याची खीर व्हायची. आमच्या शेजारची पाच वर्षांची मुलगी मागच्या उन्हाळ्यात माझ्याशेजारी बसून गव्हले वळायला लागली. सुरुवातीचे तिचे गव्हले चण्याएवढे होत. ती प्रत्येक दाणा माझ्या दाण्याशेजारी ठेवून बघायची, जीभ ओठाबाहेर काढून पुन्हा वळायची. कोणी शाबासकी देईना, कोणी चुकलं म्हणेना, तरी ती उठेना. हळूहळू दाणे बारीक होत गेले. बालवाडीच्या शिक्षिका सांगतील की ज्या तीन बोटांत गव्हला वळतो, त्याच तीन बोटांत पुढे पेन्सिल बसते. पण मला त्याहून मोठं वाटलं ते हे की तिच्या हातचं काम घरातल्या खिरीत पडलं आणि ते सगळ्यांनी खाल्लं. लहान मुलाच्या हातून झालेलं, खेळण्यातलं नसलेलं, घराला खरोखर उपयोगी पडलेलं काम आजच्या शहरी घरात किती उरलं आहे?

हा विचार काही माझा नवा नाही. महाराष्ट्रात त्याची मोठी परंपरा आहे. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हातांच्या उद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. १९४५ मध्ये ताराबाई मोडक बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांचं बालशिक्षणाचं काम रुजलं. महागडी साधनं गावात परवडणार नाहीत म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांतून शिक्षणाची साधनं केली. अंगणवाडीची कल्पना याच मातीतून आली. अलीकडे अरविंद गुप्तांनी पुण्यातून आगपेटीच्या काड्या, स्ट्रॉ, रिकाम्या बाटल्या यांची विज्ञानाची खेळणी करून देशभरच्या मुलांच्या हातात दिली. हाताशी जे आहे त्यातून मुलाला घडवता येतं, हे या सगळ्यांनी करून दाखवलं. आपल्या हाताशी ऊन आहे, गहू आहेत, आजी आहे आणि बंद गच्ची आहे.

विज्ञानच हवं असेल तर वाळवणाइतकी स्वस्त प्रयोगशाळा नाही. एक किलो बटाटे मुलांकडून काट्यावर तोलून घ्या, त्यांचा कीस घाला, खडखडीत वाळला की पुन्हा तोलायला सांगा. साधारण पाचवा हिस्सा उरतो, कारण बटाट्यात पाचातले चार भाग पाणीच असतं. ते पाणी कुठं गेलं, हा प्रश्न मूल स्वतःहून विचारतं. पाणी गेलं म्हणून बुरशी धरत नाही, म्हणून डबा वर्षभर टिकतो, आणि म्हणूनच पावसाळी हवेत डब्याचं झाकण सैल राहिलं तर पापड सर्द होतात. इयत्ता पाचवीचा धडा पाच वर्षांच्या पोराला गच्चीवर कळतो.

याच गच्चीवर कापडाचीही शिकवण आहे. जुनी सुती साडी आधी वाळवणाखाली अंथरायची. ती विरली की तिच्या मऊ भागाची तान्ह्या बाळासाठी दुपटी, धडक्या भागाची गोधडी, काठांच्या पिशव्या, उरल्या चिंध्यांची बाहुली आणि शेवटी फडकं. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा कापडी पिशवीची आठवण सगळ्यांना झाली, पण ती शिवायला घेतली किती जणांनी? आठ वर्षांच्या मुलाला जाड सुई आणि धावदोरा सहज जमतो. मुलाला म्हणजे मुलग्यालाही. टाके वाकडे पडतील, पडू द्या. दुपारी ऊन चढल्यावर वाळवण राखायला सावलीत बसायचंच असतं, त्या वेळात एक पिशवी होते.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, कारण ती बोलली नाही तर हे आवाहन लबाडीचं ठरेल. वाळवणाची जुनी रीत बायकांच्या कंबरेवर उभी होती. पहाटे उठून चीक शिजवायचा, मग घरच्यांचं जेवण, मग उन्हात बसून लाटणं, संध्याकाळी गोळा करणं, आणि घरातल्या पुरुषांनी फक्त डबा उघडून तळलेलं खायचं. ही रीत तशीच्या तशी परत आणा असं मी म्हणत नाही आणि कोणी म्हणू नये. नोकरी करणाऱ्या बाईने थकून विकतचे पापड घेतले, त्यात तिचं काहीच चुकलं नाही. बचत गटाच्या बायकांकडून घेतले असतील तर उत्तमच, त्यांची चूल त्यावर चालते. माझं म्हणणं एवढंच आहे की वर्षाचं सगळं नको, एकच पदार्थ घरी करा आणि तो सगळ्यांनी मिळून करा. चीक ढवळायला ताकद लागते, तिथं बाबा उभा राहू दे. सोऱ्या दाबायला आजोबा, पातेलं वर न्यायला काका, कावळे हाकलायला सगळी पोरं. ज्या घरात हे फक्त आईवर पडणार असेल, त्या घराने ते न केलेलंच बरं.

गच्चीवर जमलेल्या बायकांनी काय उभं केलं, हेही विसरू नका. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी जमल्या, ८० रुपये उसने घेतले आणि पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं केली. त्यातून लिज्जत उभी राहिली, हजारो बायकांच्या हाताला काम मिळालं. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या दिवशी त्या गच्चीला कुलूप असतं तर?

सोसायटीतून हरकती येतील, त्या मला माहीत आहेत आणि त्यातल्या काही खऱ्या आहेत. मुलं पडतील, ही पहिली. कठडा मोठ्या माणसाच्या छातीएवढा नसेल तर तिथं मुलांना नेऊ नका, खालच्या अंगणात किंवा पार्किंगच्या मोकळ्या कोपऱ्यात, जिथं ऊन येतं तिथं घाला. कठडा पुरेसा असेल तरीही दर पाच मुलांमागे एक मोठं माणूस सतत हजर हवं, आणि टाकीची शिडी, सोलरच्या नळ्या, मोबाईलचा मनोरा यांच्याजवळ खडूने रेघ मारून पलीकडे जायचं नाही हे आधीच ठरवा. वॉटरप्रूफिंग खराब होईल, ही दुसरी. शेगडी वर नेऊच नका, शिजवणं घरात आणि घालणं वर, खाटा-पाट ओढायचे नाहीत, पाणी सांडायचं नाही, झालं. कबुतरं, ही तिसरी आणि मुंबई-पुण्यात सगळ्यात मोठी. उघड्यावर काही ठेवायचंच नाही. दोऱ्या बांधून वरून जुनी मलमलची ओढणी किंवा मच्छरदाणीचं कापड ताणून लावायचं, आणि पाखरांवर लक्ष ठेवायचं काम ज्या मुलाला एका जागी बसवत नाही त्याला द्यायचं. धूळ, ही चौथी. जिथं शेजारी बांधकाम चालू आहे तिथं गच्चीचा हट्ट धरू नका. बाल्कनीत येणाऱ्या दोन तासांच्या उन्हातही सांडगी मिरची वाळते, फक्त दिवस जास्त लागतात.

आणि ऊन. विदर्भात, मराठवाड्यात एप्रिलचं ऊन मुलांना सोसवत नाही. सातला सुरू करून नऊला मुलांना घरात आणा. पुढचं काम सूर्याचं आहे.

हे नुसतं वाचून ठेवू नका. आजच कमिटीला अर्ज द्या. चार ओळी पुरेत: किती घरं, कोणत्या तारखा, कोणत्या वेळा, जबाबदार मोठ्या माणसांची नावं, आणि रोज गच्ची झाडून किल्ली परत करण्याची हमी. एकट्याने अर्ज देऊ नका, पाच घरांच्या सह्या घ्या. त्यातली एक सही एकट्या राहणाऱ्या आजींची असू द्या, शिकवणार त्याच आहेत. मुलांची सहीसुद्धा घ्या, त्यांनी वाकड्यातिकड्या अक्षरात केलेला अर्ज फेटाळायला कमिटीला जड जाईल. यंदापुरती परवानगी कमिटीकडून मिळेल, पण दरवर्षी हात जोडायला लागू नयेत म्हणून वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. ती सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. गच्ची ही सगळ्या सभासदांची सामायिक जागा आहे. उन्हाळ्यात पंधरा दिवस ती मुलांसाठी उघडी राहील, असा साधा ठराव करून इतिवृत्तात नोंदवून घ्या. ज्यांच्याकडे वाडा किंवा अंगण शिल्लक आहे त्यांनी शेजारच्या इमारतीतली पोरं बोलवावीत. शाळांनीही हे करावं. परीक्षा झाल्यावर निकालापर्यंतचे जे रिकामे दिवस असतात, त्यात मैदानावर ऊन भरपूर असतं.

आणखी एक काम मुलांकडेच द्या. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली ‘रुचिरा’ या पाककृतींच्या पुस्तकात वाटी-चमच्याची प्रमाणं दिली आणि नव्याने संसार मांडणाऱ्या कितीतरी मुलींना स्वयंपाक सोपा झाला. आपल्या घरच्या वाळवणाची प्रमाणं मात्र अजून आजीच्या अंदाजात आहेत. आजी मूठ भरून मीठ घेते तेव्हा ती मूठ आधी वाटीत रिकामी करायला सांगा, मूल मोजेल आणि वहीत लिहील. लिहिता न येणारं चित्र काढेल. ही वही उद्या अमेरिकेत किंवा बंगळुरूत राहणाऱ्या मुलाच्या बॅगेत पापडांच्या पुड्याशेजारी जाईल, आणि पुडा संपल्यावर तिचा खरा उपयोग होईल.

पहिल्या सकाळी कुरडयांच्या वाटेला जाऊ नका, हात बसलेला नसताना चीक दगा देतो. साबुदाण्याच्या पापड्या घाला. रात्री साबुदाणा भिजवा, सकाळी जिरं, मीठ घालून भरपूर पाण्यात तो पारदर्शक होईपर्यंत शिजवा, कोमट झाला की पातेलं वर न्या. स्वच्छ धुतलेला प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर प्रत्येक मुलाला आपापली रांग आखून द्या आणि हातात पळी द्या. आकार वेडेवाकडे येतील, ते सुधारायला जाऊ नका. संध्याकाळी कडा सुटल्या की मुलांनाच उलटायला सांगा, आणि त्या वेळी थोड्या पापड्या ओल्याच कमी झाल्या तर मोजू नका.